सोवळ्यातला आवाज

बरेच दिवस या विषयावर लिहीन लिहीन म्हणत होतो. राग शांत झाला की लिहू, असं ठरवलं होतं. आता काही महिने उलटले आणि राग काही शांत होत नाही, तेव्हा लिहूनच टाकतो.

झालं असं, की दिवाळीत आमच्याकडे सगळी मंडळी जमली होती. फराळ झाला, पत्ते झाले, आणि पोरंटोरं अण्णांच्या खोलीत घुसली. तिथे रेकॉर्ड प्लेयरच्या शेजारी एक राखाडी पत्र्याचा डबा आहे. त्यावर पाच काळे नॉब आणि एक खटका. माझा भाचा (नाव घेत नाही, तो हे सगळं वाचतो) वाकून बघत म्हणाला, "मामा, इक्वलायझर? तू? अरे, सिग्नलला हात लावायचा नसतो. कलाकाराने जसं दिलंय तसंच ऐकायचं."

मी गप्प बसलो. कारण ते वाक्य त्याचं नव्हतं, माझं होतं. २०१९ मध्ये याच खोलीत मीच त्याला ते शिकवलं होतं, अगदी बोट वर करून.

तर आजचं भांडण भाच्याशी नाही. ते त्या वाक्याशी आहे आणि ते वाक्य मंत्रासारखं म्हणणाऱ्या समस्त 'शुद्ध आवाज' संप्रदायाशी आहे, ज्यात मी स्वतः दहा-बारा वर्षं सोवळं नेसून बसलो होतो.

ज्यांना या जगाची कल्पना नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. हौशी ऐकणाऱ्यांमध्ये एक मोठा पंथ असा आहे, की अँप्लिफायरवर बेस-ट्रेबलचे नॉब असणं म्हणजे अधर्म. जितका महागडा अँप्लिफायर, तितकी त्यावर बटणं कमी. आणि चुकून असलीच, तर ती बाजूला सारणारं 'डायरेक्ट' नावाचं आणखी एक बटण असतं! आवाज 'सपाट' यायला हवा, म्हणजे रेकॉर्डमध्ये आहे तसा. त्यात ऐकणाऱ्याने ढवळाढवळ केली की विटाळ.

आमच्या घरी १९७८ साली घेतलेला एक अँप्लिफायर होता. लाकडी खोका, चंदेरी पट्टी, आणि बेस व ट्रेबल असे दोन जाडजूड नॉब. अण्णा तेव्हा नोकरीत स्थिरावले होते आणि आईच्या म्हणण्यानुसार त्या खोक्याच्या पैशात फ्रिज आला असता. चाळीस वर्षं त्यावर नाट्यसंगीत वाजलं. हिराबाई बडोदेकर, बालगंधर्व, वसंतराव देशपांडे. २०१९ मध्ये मी हौसेने तो खोका माळ्यावर टाकला आणि अण्णांना नवाकोरा, 'शुद्ध', एकही टोनचं बटण नसलेला अँप्लिफायर आणून दिला. कोणत्या कंपनीचा ते सांगत नाही, त्यात कंपनीचा दोष काहीच नव्हता. अण्णा म्हणाले, "छान आहे."

मग हळूहळू रेकॉर्ड प्लेयरवर फडकं पडलं. आधी दुपारचं ऐकणं गेलं, मग रविवारचं. आत्याने एकदा फोनवर विचारलं, "दादा हल्ली ऐकत नाही का रे काही?" मी म्हटलं, वय झालंय आता. माझ्या या उत्तराची मला आजही लाज वाटते.

एका संध्याकाळी मीच रेकॉर्ड लावली. लहानपणापासून पाठ असलेलं पद सुरू झालं आणि अण्णांनी विचारलं, "काय म्हणतायत ते?" मला वाटलं थट्टा करतायत. मग म्हणाले, "पूर्वी मी ते उजवीकडचं बटण फिरवायचो. मग कळायचं."

"अण्णा, मग सांगितलं का नाहीत?"

"अरे, तूच म्हणाला होतास ना, बटण नसलेलंच चांगलं असतं."

असो.

म्हातारपणी कान सगळीकडून सारखा जात नाही, वरून जातो. उंच कंपनांचा आवाज आधी विझतो. गाण्याचा सूर बराच खाली असतो, तो ऐकू येत राहतो. पण स, श, फ, ख ही व्यंजनं, ज्यांच्यामुळे शब्दाला कडा मिळतात, त्यांची ताकद साधारण दोन हजार हर्ट्झच्या वर असते. म्हणून सूर कळतो आणि शब्द विरघळतात. कानाच्या डॉक्टरांकडून आणलेला अण्णांचा ऑडिओग्राम म्हणजे घाटातून उतरणारी रेघ आहे. डावीकडे ठीक, मग एक हजारानंतर उतार.

कानाचं यंत्र आहे त्यांच्याकडे, आणि बोलण्यासाठी ते उत्तम चालतं. पण ते बोलण्यासाठीच जुळवलेलं आहे. तंबोऱ्याला ते शिट्टी समजतं आणि दाबायला बघतं. म्हणून गाणं ऐकताना ते काढून ठेवतात. आता शुद्धतावाद्यांना माझा साधा प्रश्न आहे: ते यंत्र आत काय करतं? कुठल्या पट्टीतला आवाज किती वाढवायचा हे ठरवतं. इक्वलायझरच तो! कानामागे बसला की औषध आणि टेबलावर बसला की पाप, हा कुठला न्याय?

आता त्या 'जसंच्या तसं'बद्दल.

एलपी रेकॉर्डमध्ये आवाज 'जसाच्या तसा' कधीच नसतो. बेस आहे तसा कोरला तर खाच इतकी लांब झोके घेईल की शेजारच्या खाचेत घुसेल. म्हणून कोरतानाच बेस कमी करतात, आणि वरचा आवाज वाढवतात, म्हणजे पृष्ठभागाची खसखस त्याखाली दबते. वाजवताना बरोबर उलटं करायचं. हे किती करायचं याचं एक ठरलेलं वळण आहे, १९५४ सालचं, अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेच्या नावावरून त्याला आरआयएए म्हणतात. वाजवताना २० हर्ट्झला जवळजवळ २० डेसिबल वाढ आणि १० हजार हर्ट्झला पावणेचौदा डेसिबल घट. हा कुठल्याही घरगुती टोनच्या नॉबपेक्षा मोठा हस्तक्षेप आहे, आणि तो त्या 'शुद्ध' अँप्लिफायरच्या पोटात, फोनो लिहिलेल्या भोकामागे, मुकाट बसलेला असतो. म्हणजे इक्वलायझर घरात होताच, फक्त त्याचा नॉब आपल्या हातात नव्हता.

आणि ७८च्या तबकड्या? त्या तर आरआयएएच्या आधीच्या. तेव्हा ज्या त्या कंपनीचं वळण वेगळं, आणि बऱ्याच तबकड्यांत वरचा आवाज वाढवलेलाच नसायचा. त्या आजच्या फोनो भोकातून वाजवल्या की मशीन इमानदारीने पावणेचौदा डेसिबल कापतं, जे कधी घातलेलंच नव्हतं. मग आपण म्हणतो, 'जुनं रेकॉर्डिंग आहे हो, दबकंच असणार.' अरे, दबकं आपण केलंय! मी पाच वर्षं हिराबाईंचा आवाज गोधडीखालून ऐकला आणि त्याला इतिहासाचा वास आहे असं समजत राहिलो.

पुढचा मुद्दा खोलीचा. अण्णांची खोली दहा बाय बारा. खाली मोझॅकची फरशी, एका भिंतीला लोखंडी कपाट. बारा फुटांच्या लांबीत ४७ हर्ट्झच्या आसपासचा आवाज भिंती स्वतःच फुगवतात, दहा फुटांत ५६च्या आसपास. कपाटाचं दार कुठल्या सुराला थरथरतं हे आईला स्पीकरच्या माहितीपत्रकापेक्षा जास्त चांगलं ठाऊक आहे. शिवाय रात्री हळू लावलं की बेस गायब होतो, तो कानाचाच स्वभाव. फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ मध्येच ते मोजून दाखवलं. जुन्या अँप्लिफायरवर 'लाउडनेस' नावाची कळ असायची ती त्यासाठीच. तीही नंतर सोवळ्यात गेली.

तेव्हा तार सपाट, पण खोली वाकडी, कान वाकडा, तबकडी वाकडी. सरळ काय उरलं?

"पण कलाकाराला काय अभिप्रेत होतं...?" हा शेवटचा बाण. आमच्या संगीतात हा बाण मारणाऱ्याने आधी तंबोऱ्याजवळ बसावं. गवई मैफलीआधी जवारी जुळवतो म्हणजे काय करतो? घोडीवर तारेखाली सुताचा धागा ठेवतो आणि केसभर पुढे-मागे सरकवतो. सूर तोच राहतो, पण त्यातले वरचे स्वर उमलतात किंवा मिटतात. आज हॉलला पडदे आहेत, उद्या देवळाचा मंडप आहे, परवा पावसाळी हवा आहे. प्रत्येक वेळी धागा वेगळ्या जागी. तो सुताचा धागा म्हणजे आमचा सगळ्यात जुना टोन कंट्रोल. जो कलाकार स्वतः जागा बघून आवाजाचा पोत बदलतो, त्याला आपण दहा बाय बाराच्या खोलीत नॉब फिरवल्याचं दुःख होईल?

आणि जेवायला बसलोत म्हणून सांगतो (बसलोच होतो, लाडूचं ताट पुढे होतं). आपल्या पानात सगळ्यात आधी काय वाढतात? मीठ. डावीकडे लिंबू, चटणी. कुठल्याही सुगरणीला त्यात अपमान वाटत नाही, कारण जिभा वेगवेगळ्या आहेत हे स्वयंपाक करणाऱ्याला आधीच माहीत असतं.

बरं, आता डब्याकडे येतो.

सरळ जुना खोका माळ्यावरून का नाही काढला? काढला. कंडेन्सर फुगलेले, एक चॅनेल मेलेला, ट्रान्सफॉर्मरला वास. त्यातली टोनची सर्किट मात्र बघण्यासारखी होती. पीटर बॅक्सँडॉल नावाच्या इंग्रज इंजिनियरने ऑक्टोबर १९५२च्या 'वायरलेस वर्ल्ड' मासिकात छापलेली रचना, दोन नॉबवाली. नंतर घरोघरच्या असंख्य रेडिओ-अँप्लिफायरमध्ये तीच दिसते. पण अण्णांना हवं होतं ते फक्त ट्रेबल नव्हतं. तीन हजारांच्या आसपासचा एक पट्टा उचलायचा होता. म्हणून मी त्याच काळातल्या दुसऱ्या एका घराण्याकडे वळलो, अमेरिकेतल्या पल्टेककडे. १९५०च्या दशकात स्टुडिओंसाठी बनवलेला हा इक्वलायझर. त्याचं मूळ यंत्र आज विकायला आलं तर काही लाखांत जातं.

त्याची युक्ती गमतीची आहे. आतली सगळी जादू कॉइल, कंडेन्सर आणि रेझिस्टर यांची, म्हणजे वाढवू काहीच शकत नाही, फक्त कापू शकतं. म्हणून आधी सगळ्यांचाच पगार कापायचा, मग एकाला त्यातलाच थोडा परत द्यायचा आणि त्याला बोनस म्हणायचं! शेवटी एक अँप्लिफायर सगळ्यांना मूळ पातळीवर आणतो. मूळ यंत्रात त्यासाठी व्हॉल्व्ह होते. मी साधे ऑप-अँप लावले, कारण म्हाताऱ्या माणसाच्या उशाशी अडीचशे व्होल्टचा डबा ठेवायची माझी हिंमत नाही.

सामान तापकीर गल्लीतून. कॉइल मात्र घरीच गुंडाळली. पहिला प्रयत्न जुन्या रेडिओतल्या फेराइटच्या कांडीवर केला. वाजवल्यावर गाणं कमी आणि घूंऽऽऽ जास्त. उघडी कांडी म्हणजे ट्रान्सफॉर्मरची गुणगुण पकडायला लावलेलं जाळंच. स्वयंपाकघरातल्या स्टीलच्या डब्यात ठेवून बघितली, ढिम्म फरक नाही (चुंबक त्या स्टीलला चिकटत नाही, हे आधी बघायला हवं होतं). बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात थोडी कमी झाली. शेवटी वाटीसारखा बंद फेराइट गाभा आणला आणि ट्रान्सफॉर्मर वेगळ्या खोक्यात हातभर लांब नेला, तेव्हा शांतता.

त्या गाभ्यावर २२४ वेढे दिले की १०० मिलिहेन्री होतात. हिशेब वर्गाचा आहे, वेढे दुप्पट केले की किंमत चौपट, त्यामुळे मोजणी चुकली की भोगा. एकदा १७० वर असताना गॅसवाला आला, एकदा बायकोने सहज विचारलं, "किती झाले?" आणि मी उत्तर देताना आकडा विसरलो. त्याला ०.०२७ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर जोडला की ३०६० हर्ट्झच्या आसपास टेकाड उभं राहतं. दोन चॅनेल, म्हणून सगळं दोनदा.

पहिल्या दिवशी मी ऑडिओग्राम बघून हिशेब केला आणि नॉब पुरता फिरवला. अण्णांनी कान झाकले. तेव्हा कळलं, की कागदावर ५० डेसिबलचा खड्डा दिसला म्हणून ५० भरायचा नसतो. म्हाताऱ्या कानाला हळू ऐकू येत नाही, पण जोराचं तितकंच, कधी जास्तच टोचतं. शेवटी सहा-सात डेसिबलवर गाडी थांबली. खटका ७८साठी आहे, फोनोने कापलेला वरचा आवाज तो परत देतो. आईने नॉबखाली पांढऱ्या रंगाने नावं लिहिली: खर्ज वाढ, खर्ज घट, शब्द, झांज, आवाज. खर्जाची वाढ आणि घट दोन्ही एकदम फिरवता येतात, आणि ती एकमेकांना खोडत नाहीत, कारण घटीचा उतार थोडा वरच्या पट्टीत पडतो. खालचा ठोका भरतो आणि वरचा गाळ उपसला जातो. पल्टेकवाले यासाठीच प्रसिद्ध. आमच्या कपाटाचं दारसुद्धा त्यामुळे गप्प झालं.

इथे दुसऱ्या बाजूचे लोक खूश होतील, 'व्हिंटेज'वाले. जुन्या लोखंडाची ऊब, हाताने गुंडाळलेल्या कॉइलचा आत्मा वगैरे. त्यांनाही हात जोडून सांगतो, आत्मा वगैरे काही नाही. मी त्याच बोर्डवर कॉइलचं सोंग घेणारी ऑप-अँपची सर्किटही बसवली होती, बदलायला कळ लावून. भाच्याला पाठ करून बसवलं, दहा वेळा विचारलं. सहा बरोबर. नाणं उडवलं असतं तरी साधारण तेवढंच आलं असतं. घरगुती पातळीवर फेराइटची चांगली कॉइल कुठला रंग टाकत नाही आणि टाकूही नये. फोनमधलं फुकटचं सॉफ्टवेअर हेच काम तितकंच नेमकं करतं. फरक एवढाच, की चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस गाणं सुरू असताना चष्मा शोधून, फोन उघडून, बोटाने रेघ ओढत बसत नाही. अंधारातही हाताला सापडेल असा नॉब त्याला लागतो.

आणि हो, इक्वलायझर बदनाम का झाला हे मला ठाऊक नाही असं नाही. ऐंशीच्या दशकातले डेक आठवा, लुकलुकणारे दिवे आणि स्लायडरची रांग, दोन्ही टोकं वर आणि मधलं खाली, हसऱ्या तोंडासारखं. रिक्षात, वरातीत, गणपतीच्या मांडवात. गायक मधल्या पट्टीत राहतो, तोच बिचारा बुडायचा. १९९१ मध्ये मी स्वतः हॉस्टेलवर सगळे स्लायडर वर करून एक ट्वीटर जाळलाय. दहा डेसिबल वाढवणं म्हणजे दहापट ताकद मागणं, हे मला त्या जळक्या वासाने शिकवलं. पण वरातीत लोक वाईट वाजवतात म्हणून घरातल्या म्हाताऱ्याचं बटण काढून घ्यायचं? मीठ जास्त पडतं म्हणून ताटातून मीठ हद्दपार?

भाच्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मामा, तुझा मुद्दा म्हाताऱ्या कानांपुरता ठीक आहे." तो एकतीस वर्षांचा आहे आणि दिवसभर कानात बोंडं घालून फिरतो. मी म्हटलं, थांब थोडा.

डब्यावर 'शब्द' नॉबच्या कडेला मी पेन्सिलने एक बारीक खूण केली होती, हिशेबाने योग्य जागी. अण्णा रोज दुपारी तो त्याच्या बराच पुढे नेऊन ठेवतात. मी संध्याकाळी मागे आणायचो. दुसऱ्या दिवशी परत पुढे. काल बघितलं तर पेन्सिलची खूणच पुसून टाकलेली होती.